पोटरीचा आकार आणि पोटरीचे बळ

१९९४ सालची गोष्ट. भिवंडीतल्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गावर स्नायूसंस्थेचा पाठ चालू होता. फळ्याच्या वरच्या खिळ्याला तक्ता अडकवायला मी खुर्चीवर चढलो. पॅन्ट थोडी वर सरकली आणि पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुमच्या डाव्या पायाला पोटरी का नाही?"

वर्ग एकदम गप्प झाला. प्रश्न मात्र अगदी योग्य होता. तक्त्यावर जे दिसत होते ते माझ्या पायात दिसत नव्हते. मी त्या तासाला स्नायूंचा पाठ बाजूला ठेवून पोलिओ शिकवला. मी दीड वर्षाचा असताना मला ताप आला, तो तीन-चार दिवसांनी उतरला आणि त्याबरोबर डाव्या पायाची हालचालही गेली. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात पोलिओचा डोस आला १९७९ मध्ये. माझ्या पिढीला तो उशीरच झाला.

अलीकडे एक जुना विद्यार्थी घरी आला. मानकोलीकडच्या एका गोदामात तो काम करतो. जन्मतःच त्याचे एक पाऊल आत वळलेले होते. तान्हेपणी प्लास्टर घालून डॉक्टरांनी ते सरळ केले. पाऊल उत्तम झाले, तो धावतोसुद्धा. पण त्या पायाची पोटरी दुसरीपेक्षा बारीक राहिली. लग्नाच्या बोलण्यांना सुरुवात झाली होती. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "सर, मुंबईत पोटरी बसवून मिळते म्हणे. बसवून घेऊ का?"

त्याला मी लगेच उत्तर दिले नाही. आधी जमेल तेवढी माहिती मिळवली. एका मुलाच्या प्रश्नापायी दोनशे वर्षांचा इतिहास समोर आला, तो इथे मांडत आहे.

पोटरी काय काम करते?

गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत जाणाऱ्या फुगवट्याला आपण पोटरी म्हणतो. तिच्यात मुख्यतः दोन स्नायू असतात. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस. याला दोन शिरे असतात आणि डोळ्यांना दिसणारा आकार बहुतांशी याचाच. त्याच्या खाली चपटा, रुंद सोलियस. दोघे मिळून एका जाड कंडरेत संपतात आणि ती कंडरा टाचेच्या हाडाला जोडलेली असते. ही आपल्या शरीरातली सर्वांत जाड कंडरा. ग्रीक कथेतल्या वीराच्या नावावरून तिला अकिलीसची कंडरा म्हणतात.

स्नायू आखडला की टाच वर उचलली जाते. चालताना शरीर पुढे ढकलणे, जिना चढणे, उडी मारणे ही सारी कामे या जोडीची. याशिवाय आणखी एक काम आहे. पायातील अशुद्ध रक्ताला गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढायचे असते. पोटरीचा स्नायू आखडला की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात.

हे भिवंडीकरांना वेगळे सांगायला नको. जुना विणकर खड्डामागावर बसून पायाने पावड्या दाबत असे. १९३० च्या आसपास इथे यंत्रमाग आले आणि पावड्या गेल्या. कामगार बारा-बारा तास मागांपुढे उभा राहू लागला. पोटरी फार वेळ आखडली-सैलावली नाही तर रक्त खाली साचते. सतत उभे राहून काम करणाऱ्या माणसांच्या पायांवर निळ्या, फुगलेल्या, नागमोडी शिरा दिसतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

थोडक्यात, पोटरी हा एक पंप आहे आणि एक तरफही. तिचा आकार हा या कामाचा परिणाम आहे. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

पहिली शंभर वर्षे: पाय चालता करण्याची

पोलिओचा विषाणू थेट स्नायूवर हल्ला करत नाही. तो मज्जारज्जूतल्या, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मारतो. आज्ञा येईनाशी झाली की स्नायू वाळतो. पण हे कळायच्या कितीतरी आधी डॉक्टरांनी या पायांवर उपचार सुरू केले होते.

लंडनच्या विल्यम जॉन लिटल याला लहानपणी असाच आजार झाला आणि त्याचे डावे पाऊल वाकडे झाले. टाच वर ओढली गेली होती. तो स्वतः डॉक्टर झाला आणि आपल्या पायावर उपाय शोधत युरोपात हिंडला. जर्मनीत हॅनोव्हर येथे स्ट्रोमायर नावाचे शल्यविशारद त्वचेला अगदी लहान छेद देऊन आतल्या आत आखडलेली कंडरा कापत. मोठी जखम उघडी राहत नसल्यामुळे पू होण्याचा धोका कमी होई. जंतूंची माहिती नसलेल्या त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. १८३६ मध्ये लिटलने स्वतःच्या पायावर ही शस्त्रक्रिया करून घेतली. पाऊल जमिनीवर टेकले. लिटल तंत्र शिकून लंडनला परतला आणि १८४० साली त्याने अशा रुग्णांसाठी तिथे संस्था उभी केली. रुग्णाने आपल्याच आजारावरचे उपचार देशात आणल्याचे हे सुंदर उदाहरण आहे.

पुढची पायरी व्हिएन्नाच्या निकोलादोनी यांची. पोटरीचा स्नायू लुळा पडला की माणूस टाचेवर चालतो, पाऊल पुढे ढकलता येत नाही. पण नडगीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू अनेकदा शाबूत असतात. १८८० च्या सुमारास निकोलादोनी यांनी त्या शाबूत स्नायूंच्या कंडरा सोडवून टाचेच्या कंडरेला जोडल्या. एका मागाचा कामगार आला नाही तर शेजारच्याला त्या मागावर उभा करावा, तसे हे. मूळ कामगाराएवढे काम त्याच्याने होत नाही, पण माग बंद राहत नाही. कंडरा-बदलाच्या शस्त्रक्रियांची सुरुवात इथून झाली.

मुंबईत या कामाला जोर आला तो स्वातंत्र्याच्या सुमारास. स्वातंत्र्यसैनिक फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी उपचार शोधताना त्यांच्या लक्षात आले की इतरांच्या मुलांना तर काहीच मिळत नाही. १९४७ मध्ये डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या मदतीने त्यांनी चौपाटीला चिकित्सालय सुरू केले. त्यातून पुढे हाजीअलीचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. फातिमाबाईंना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली. १९४९ मध्ये मुंबईत पोलिओच्या संशोधनासाठी वेगळा विभाग सुरू झाला. तोच पुढे एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटर म्हणून ओळखला गेला. १९५५ मध्ये हाजीअलीलाच केंद्र सरकारची भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था आली.

माझी आई मला कडेवर घेऊन भिवंडीहून ठाण्यापर्यंत एस.टी.ने, तिथून लोकलने दादर आणि गाडी बदलून महालक्ष्मीला नेत असे. माझ्या नवव्या वर्षी कंडरा-बदलाची शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात कॅलिपर सुटला. पाय दिसतो कसा, याबद्दल कोणी बोलले नाही. आम्हीही विचारले नाही. चालता आले, यातच सगळ्यांना सगळे मिळाले होते. फक्त एक सांगतो. आमच्या शाळेत सातवीपर्यंत गणवेशाला हाफपँट होती. आठवीत फुलपँट मिळाली, त्या दिवसाएवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नाही.

पोकळी भरण्याचे उद्योग

आकाराची हौस मात्र जुनी आहे. अठराव्या शतकात युरोपातले पुरुष गुडघ्यापर्यंत तंग विजार आणि खाली मोजे घालत. पायाचा खालचा भाग लोकांच्या नजरेसमोर असे. ज्यांची पोटरी बारीक ते मोज्यात कापूस किंवा लोकरीच्या गाद्या भरत. या गाद्या चालता चालता पुढे नडगीवर सरकत आणि व्यंगचित्रकारांना विषय मिळे. हसू आले तरी या उपायाची एक बाजू चांगली होती. गादी रात्री काढून ठेवता येई.

शरीराच्या आत काही भरून आकार देण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. १८९३ मध्ये जर्मनीतील नॉयबर यांनी रुग्णाच्या दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोल व्रणात बसवली. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या गेरसुनी यांनी व्हॅसलीनसारखा पदार्थ सुईने टोचून पोकळी भरली. स्वस्त, सोपा, झटपट उपाय! थोड्याच वर्षांत पॅराफिनची इंजेक्शने युरोप-अमेरिकेत पसरली. मग हळूहळू त्याची फळे दिसू लागली. टोचलेला पदार्थ जागा सोडून सरकला, त्याच्याभोवती कठीण गाठी झाल्या, कातडी सडली. गाठी काढायला गेले तर सोबत चांगले मांसही काढावे लागे. ती पद्धत सोडून द्यावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच चूक द्रव सिलिकोनच्या रूपाने पुन्हा झाली. १९९० च्या दशकात तिसऱ्यांदा झाली. या वेळी व्यायामशाळांत 'सिंथॉल' नावाच्या तेलाची इंजेक्शने आली. दंड आणि पोटऱ्या फुगवण्यासाठी काही शरीरसौष्ठवपटू ती स्नायूत टोचून घेतात. स्नायू वाढत नाही, त्यात तेल साठते. पू, गाठी आणि स्नायूचा नाश हे परिणाम गेरसुनींच्या काळासारखेच. आपल्या गावागावांत आता जिम आहेत. वरच्या वर्गातल्या मुलांना हा इतिहास सांगणे, हे मला कर्तव्य वाटते.

द्रव पदार्थ सरकतो, तेव्हा तो पिशवीत बंद करावा किंवा मऊ घन रूपातच वापरावा, हा पुढचा विचार. १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन आणि गेरो यांनी सिलिकोन जेलची पिशवी स्तनाच्या जागी बसवली. तिथून शरीराच्या इतर भागांसाठी असे इम्प्लांट बनू लागले.

१९७९: पोटरीची पाळी

वैद्यकीय नियतकालिकांत सिलिकोनच्या पोटरीची नोंद १९७९ साली झाली. कॅनडातील कार्लसन आणि फ्रान्समधील ग्लिसेंस्टाइन या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही शस्त्रक्रिया मांडली. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की त्यांच्यासमोरचा मूळ प्रश्न हौसेचा नव्हता, रोगाने वाळलेल्या पायांचा होता. पाय चालता करण्याची विद्या तोवर शंभर वर्षांची झाली होती. आता पाय दुसऱ्यासारखा दिसावा, ही मागणीही डॉक्टरांनी ऐकली.

प्लॅस्टिक सर्जरीचा उगमच दुरुस्तीतला आहे. 'प्लॅस्टिक' हा शब्द इथे घडवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. १७९३ मध्ये पुण्यात एका कारागीर वैद्याने कापलेले नाक कपाळाच्या कातडीतून नवे करून दिले. त्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि युरोपातले शल्यविशारद ती विद्या शिकले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांची बसलेली नाके आणि वाकडे हात दुरुस्त केले. रोग बरा झाला तरी चेहरा तसाच असेल तर माणसाला घरात घेत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून दिसण्याचा प्रश्न क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. फुलपँटचा आनंद मला ठाऊक आहे.

पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही शस्त्रक्रिया निरोगी पायांकडे वळली. पोटरीचा घेर आणि ठेवण बरीचशी आनुवंशिक असते. व्यायामाने छाती, दंड भरतात, पोटरी हटवादीपणा करते. त्यामुळे शरीरसौष्ठवपटू आणि आपले पाय फार काडीसारखे आहेत असे वाटणारे स्त्री-पुरुष अमेरिका, ब्राझील, मेक्सिकोत ती करून घेऊ लागले. गंमत पाहा. त्याच काळानंतर कोरिया आणि तैवानमध्ये तरुणी उलट मागणी करू लागल्या. तिथे पोटरी बारीक करण्यासाठी स्नायूची चेता कापतात किंवा बोटुलिनम विष टोचून स्नायू दुबळा करतात. म्हणजे पोलिओच्या विषाणूने माझ्या पायात जे फुकट केले, त्यासाठी तिथे पैसे मोजतात! पोटरी केवढी असावी हे शरीरशास्त्र ठरवत नाही, फॅशन ठरवते.

शस्त्रक्रिया आणि तिचे परिणाम

आज मुख्य मार्ग दोन.

पहिला इम्प्लांटचा. गुडघ्याच्या मागच्या घडीत काही सेंटिमीटरचा आडवा छेद घेतात. पोटरीच्या स्नायूंवर एक चिवट तंतुमय आवरण असते. ते उघडून आवरण आणि स्नायू यांच्यामध्ये जागा करतात आणि लांबट, दोन्ही टोकांना निमुळता सिलिकोनचा तुकडा सरकवतात. काही जण तो वरच्या स्नायूच्याही खाली ठेवतात. आतल्या अंगाला एक, क्वचित बाहेरच्या अंगालाही एक. रुग्ण लवकरच हळूहळू चालू लागतो, पण धावणे आणि जोराचा व्यायाम काही आठवडे बंद.

दुसरा मार्ग चरबीचा. पोट किंवा मांडीची चरबी बारीक नळीने शोषून, स्वच्छ करून पोटरीत थोडी थोडी अनेक जागी सोडतात. हे नॉयबर यांच्या कल्पनेचे सुधारलेले रूप. वस्तू परकी नाही, हा फायदा. पण टोचलेल्या चरबीला नवा रक्तपुरवठा मिळाला तरच ती जगते. काही भाग विरघळून जातो, त्यामुळे पुन्हा करावे लागू शकते. शिवाय काढायला अंगावर पुरेशी चरबी हवी. गोदामात ओझी उचलणाऱ्या पोराच्या अंगावर ती कुठून यायची?

परिणाम कसे? ज्यांनी ही शस्त्रक्रिया केली त्या शल्यविशारदांनी आपापले अनुभव प्रसिद्ध केले आहेत. त्यांत बहुतेक रुग्ण समाधानी आहेत. पण हे अनुभव वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, बहुतेक ठिकाणी एकाच डॉक्टरच्या हातचे, मोजकेच रुग्ण आहेत. दोन, निरोगी पाय आणि वाळलेला पाय यांत फरक आहे. वाळलेल्या पायाची कातडी आणि आवरण दोन्ही घट्ट असतात. मोठा तुकडा एका वेळी मावत नाही. दोन टप्पे घ्यावे लागतात आणि तरीही दोन्ही पाय अगदी सारखे होत नाहीत. घोट्याजवळचा बारीकपणा तर बहुधा राहतोच.

त्रास होतात ते असे: रक्त किंवा पाणी साचणे, जंतुसंसर्ग, जाड व्रण, बधिरपणा, तुकडा सरकणे, त्याची कडा बाहेरून दिसणे. परक्या वस्तूभोवती शरीर तंतूंचे कवच करते. ते कधी आवळते आणि पोटरी दगडासारखी लागते. मग तुकडा काढावा लागतो.

सर्वांत गंभीर धोका दुर्मीळ आहे, पण शिक्षकांना शिकवण्याजोगा आहे. पायाचे स्नायू चिवट आवरणांच्या चार कप्प्यांत असतात. कप्पा ताणला जात नाही. त्यात सूज किंवा रक्त साचले की दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या दबतात. असा रक्ताविना राहिलेला स्नायू मरतो आणि आखडतो, हे जर्मनीच्या फोल्कमान यांनी १८८१ मध्ये हाताच्या बाबतीत दाखवले. शस्त्रक्रियेनंतर असह्य आणि वाढत जाणाऱ्या वेदना होऊ लागल्या, पायाची बोटे ताणताच कळ आली, तर काही तासांत कप्पा उघडावा लागतो. उशीर झाला तर आकारासाठी गेलेला माणूस बळ गमावून येतो.

मग उत्तर काय?

त्या मुलाला मी पुन्हा बोलावले आणि म्हणालो, "सिलिकोन आखडत नाही. तुझी टाच ते उचलणार नाही, रक्त वर ढकलणार नाही. पायाची लांबी, पावलाचे माप यांतही फरक पडणार नाही. मिळेल तो आकार. तो नको असे मी म्हणत नाही. पण काय मिळते आणि कशाच्या बदल्यात, हे समजून ठरव. रीतसर शिकलेल्या प्लॅस्टिक सर्जनलाच विचार. सुई टोचून पोटरी फुगवतो म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस."

तो म्हणाला, "सर, तुम्ही असता तर केली असती?"

विसाव्या वर्षी विचारले असते तर बहुधा हो म्हणालो असतो. आज नाही म्हणेन. दोन्ही उत्तरे खरी आहेत. तो अजून विचार करतो आहे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. मुलांना टेपने एकमेकांच्या पोटरीचा सर्वांत मोठा घेर मोजू द्या. मग भिंतीला बोटे टेकून, एका पायावर उभे राहून टाच किती वेळा उचलता येते ते मोजा. ज्यांना त्रास आहे त्यांना नोंदी ठेवायला द्या. घेर आणि संख्या यांचा आलेख काढा. सर्वांत मोठ्या घेराचाच पहिला नंबर येतो का, ते मुलांना स्वतः पाहू द्या.

भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी आपल्या विभागाला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. उत्तर प्रदेश, बिहारमधून कामाला येणाऱ्या कुटुंबांच्या आपल्या शहरात घरोघर फिरून, मुलांच्या बोटांना शाईची खूण करत डोस पाजणाऱ्यांत आम्ही शिक्षकही होतो. वाळलेली पोटरी भरून काढण्याचे जेवढे उपाय वर सांगितले, त्या सगळ्यांपेक्षा ते दोन थेंब स्वस्त होते. आणि आकार व बळ दोन्ही राखण्याचे काम फक्त त्यांनीच केले.